भीमेचे पाणी

मोहोळ तालुक्याच्या दक्षिण सीमेवरून भीमा वाहते. भीमाशंकराच्या डोंगरात ती निर्मळ उगम पावते. परंतु वाटेत इंद्रायणी व मुळामुठा तिला मिळतात, तेव्हा त्यांच्याबरोबर पिंपरी-चिंचवड व पुणे या नगरांचे सांडपाणीही येते. पुढे हा प्रवाह उजनीच्या धरणात विसावतो. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाचे पाणी सोलापूर शहर पिते, आणि आपली शेतेही त्यावर भिजतात.

त्या नगरांत मैलापाणी शुद्ध करणारी केंद्रे आहेत. तेथे आधी जाळ्यांनी चिंध्या, काटक्या अडवितात. मग वाळू तळाशी बसू देतात. खरी करामत पुढच्या हौदात घडते. त्यातील पाण्यात सतत हवा सोडलेली असते. हवा मिळताच कोट्यवधी सूक्ष्म जंतू झपाट्याने वाढतात व विरघळलेली घाण खाऊन टाकतात. जंतू म्हणताच आपण नाक मुरडतो. येथे मात्र तेच आपले सफाई कामगार! अखेरीस गाळ खाली बसतो आणि वरचे पाणी क्लोरीन घालून नदीत सोडतात.

मात्र सगळेच सांडपाणी या केंद्रांपर्यंत पोहोचत नाही. जे तसेच नदीत शिरते, त्यावर उजनीत जलपर्णी व शेवाळ माजते. पाणी हिरवट होते, त्याला दुर्गंधी येते. चैत्री वारीला वारकरी पंढरपूरच्या वाळवंटात स्नानाला जमतात, तेव्हा त्यांच्यासाठी उजनीतूनच पाणी सोडावे लागते.