जुनी जीप किंवा पिकअप घेताना : चासी आधी, रंग शेवटी



उसाचे बिल खात्यावर जमा झाले की गटात दोन विषय हमखास निघतात, लग्न आणि गाडी. अलीकडे तरुण सभासदांत जुनी विलीज जीप, महिंद्राची हौद्याची गाडी किंवा मॅटाडोर घेऊन ती नव्यासारखी करून वापरायची हौस वाढली आहे. हौसेला आमची हरकत नाही. पण पैसा उसाचा आहे, अठरा महिने पाणी पाजून मिळालेला आहे. म्हणून चार गोष्टी सांगतो.

पहिला प्रश्न, गाडी कशासाठी? जुनी जीप ही मुळात पाव टन ओझ्याची गाडी. एकरभर लागणीला दोन-अडीच टन बेणे लागते. म्हणजे जीपने बेणे वाहायचे म्हटले तर आठ-दहा खेपा झाल्या. बेण्याला ट्रॅक्टर-ट्रॉलीच बरी. खताची चार पोती, औषधाचा पंप आणि दोन माणसे एवढेच काम असेल तर जीप चालते. ओझे वाहायचे असेल तर हौद्याची गाडी बघावी. बजाज टेंपो ही कंपनी 1958 साली निघाली, 2005 साली तिचे नाव फोर्स मोटर्स झाले. तिच्या गाडीवरून आपण प्रत्येक छोट्या मालगाडीला टेंपोच म्हणू लागलो. टाटांची 407 ही 1986 ची आणि टाटामोबाईल पिकअप 1988 ची. या गाड्यांचे सुटे भाग जुन्या पेट्रोल जीपपेक्षा लवकर मिळतात, हे ध्यानात घ्यावे.

आता जीपबद्दल. महिंद्राने 1947 साली विलीज जीप देशात आणायला घेतली आणि मुंबईत जुळणी सुरू केली. आपल्याकडे जास्त दिसते ती उंच बॉनेटची सीजे-3बी. बॉनेट उंच असण्याचे कारण शोभा नव्हे. तिच्या इंजिनात आत घेणारा व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि धूर सोडणारा खाली ब्लॉकमध्ये असतो, त्यामुळे इंजिनाची उंची वाढली. इंजिन दणकट, पण पेट्रोल बेताने पिणारे नव्हे.

गेल्या दिवाळीनंतर एका सभासदाबरोबर अशीच एक जीप पाहायला कडावला गेलो. कर्जतहून मुरबाडच्या रस्त्याला हे गाव लागते, दिगंबर गणपतीचे. भाताचा मुलूख, अन् आता मुंबईकरांची फार्महाऊसेही झालेली. त्यातल्याच एका आवारात आंब्याखाली ही जीप उभी होती. बाहेरून हिरवा रंग चकाचक, टायर नवे, हूड नवे. सभासद हरखले. किंमत ठरायच्या बेतात होती.

मी म्हटले, "दादा, जरा थांबा. खाली बघू."

कर्जत तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. आपल्याकडे पाच-सहाशे झाला तरी आपण खूश. तिकडे उघड्यावर चार पावसाळे काढलेली गाडी म्हणजे गंजाला दिलेले आवतणच. खाली घोंगडे टाकून झोपलो. चासीला काळा डांबरी रंग ताजा फासलेला. हातोडीने टिचक्या मारत गेलो. पुढे आवाज खणखणीत, मागच्या पाट्यांच्या हँगरपाशी आला की भद्द. स्क्रूड्रायव्हर टोचला तर पात्यासकट आत गेला. तिथे चिखल साठतो, तो वाळत नाही, लोखंड आतून खातो. एका बाजूला तर पत्र्याचे ठिगळ वेल्डिंग करून वर रंग मारलेला. पाटा ज्या जागी बसतो तिथलीच चासी कुजली असेल तर गाडी भरधाव असताना काय होईल, ते सांगायला नको. सभासदांनी पैसे खिशातच ठेवले. घरी परतताना ते गप्प होते, पण ते पैसे त्यांच्या मुलीच्या फीसाठीच राखलेले होते, हे मला नंतर कळले.

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी चासी आणि तळाचा पत्रा. मग ब्रेक व स्टेअरिंग. मग इंजिन, गिअरपेटी. रंग सर्वांत शेवटी. बरेच जण उलटे करतात, आधी रंगाला पैसे घालतात आणि ब्रेकला उरत नाहीत.

इंजिन थंड असताना सुरू करायला सांगावे. मालकाने आधीच गरम करून ठेवले असेल तर शंका घ्यावी. निळा धूर म्हणजे ऑईल जळते, काळा म्हणजे पेट्रोल जादा जाते, गरम झाल्यावरही पांढरा राहिला तर पाणी आत शिरते. बंद पडून जाम झालेले इंजिन दिसले तरी लगेच पाठ फिरवू नये. प्लगच्या भोकातून थोडे डिझेल-ऑईल सोडून आठवडाभर ठेवावे, मग हँडलने हळू फिरवून बघावे. पुष्कळदा सुटते. न सुटल्यास खोलाईचा खर्च धरूनच किंमत बोलावी.

आता कागद. पत्रा मिळतो, कागद मिळत नाही. चासी नंबर व इंजिन नंबर स्वतः पेन्सिलने कागदावर उतरवून आरसी बुकाशी ताडावेत. पुष्कळ पेट्रोल जीपांत पूर्वी डिझेल इंजिने बसवली गेली. आरसीवर पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल असेल, आणि त्या बदलाची नोंद नसेल, तर ते नियमाविरुद्ध आहे. अपघात झाल्यास विम्याचेही वांधे. दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर ना-हरकत दाखला विकणाऱ्याकडूनच काढून घ्यावा. बँकेचा बोजा उतरल्याची नोंद बघावी. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण लागते आणि जुन्या गाड्यांसाठी त्याची फी 2022 पासून बरीच वाढली आहे. ती आधी खिडकीवर विचारावी.

पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या खाजगी गाड्यांसाठी 2021 साली केंद्राने व्हिंटेज नोंदणी आणली. नवी नोंदणी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षे. पण अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही, प्रदर्शन-रॅलीपुरतीच. बांधावर न्यायची असेल तर या वाटेला जाऊ नये.

शेवटी आपल्याच घरची एक गोष्ट. 2025 पासून पंपावर सर्रास 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. ते आपल्या उसातूनही जाते, कारखान्याला त्याचा आधार आहे. पण साठ-सत्तर सालच्या जीपच्या रबरी नळ्या, पेट्रोलपंपाचा पडदा, कार्बोरेटरची पॅकिंग यांनी इथेनॉल कधी पाहिलेले नाही. ती मऊ पडतात, चिरतात, गळती लागते आणि गरम इंजिनावर पेट्रोल गळणे म्हणजे आग. इथेनॉल हवेतले पाणीही ओढते. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर ते पाणी टाकीच्या तळाशी बसते आणि टाकी गंजते. म्हणून इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या व पॅकिंग बसवून घ्यावीत, कार्बोरेटरचा जेट जाणत्या मिस्त्रीकडून तपासावा आणि गाडी बरेच दिवस उभी ठेवायची असेल तर टाकी रिकामी करावी. सुरुवातीला जुना मळ सुटून फिल्टर चोंदतो, दोन-तीनदा साफ करावा लागेल.

गाडी बघायला जाताना हातोडी, स्क्रूड्रायव्हर, बॅटरी आणि घोंगडे बरोबर घ्यावे. जाण्याचा मुहूर्त पावसाळा संपताच साधावा, तेव्हा गळती आणि गंज दोन्ही ताजे दिसतात.

— ऊस विकास अधिकारी