पवनचक्की उलटी का फिरते? व्हिडिओतून जिफ बनवताना

नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या बहुतेक मराठी माणसांच्या फोनमध्ये पवनचक्कीचा एक तरी व्हिडिओ असतोच. भारतातून आई-बाबा आले की किंडरडाइकची फेरी ठरलेली. व्हिडिओत अर्धा मिनिट वारा घोंघावतो, मध्येच कुणीतरी "इकडे बघ ना!" म्हणतं आणि मागे चक्की फिरत राहते. आज आपण त्यातला फक्त एक सेकंद घेऊन त्याचं जिफ बनवू. मेनूतली बटणं दहा मिनिटांत शिकून होतात. कुठल्या फ्रेम ठेवायच्या आणि कुठल्या टाकायच्या, हा खरा प्रश्न आहे. तो चुकला तर चक्की थांबते, नाहीतर चक्क उलटी फिरते.

आधी उच्चाराचं बघू, कारण देवनागरीत लिहायचं तर पळवाट नाही. हा फॉरमॅट १९८७ साली कॉम्प्युसर्व्ह कंपनीत स्टीव्ह विल्हाइट यांच्या चमूने तयार केला. विल्हाइट शेवटपर्यंत 'जिफ' म्हणत राहिले आणि अर्ध्या जगाने त्यांचं ऐकलं नाही. डच भाषेत मात्र याच तीन अक्षरांचा शब्द घशातून 'खिफ' असा उच्चारतात आणि त्याचा अर्थ होतो विष! तेव्हा मी आपला विल्हाइट यांच्या बाजूने.

आता चक्कीकडे. इथले चक्कीवाले वेग मोजतात तो मिनिटाला किती फेरे यावर नव्हे, तर मिनिटाला किती पाती खालून गेली यावर. समजा मिनिटाला ६० पाती जात आहेत, म्हणजे सेकंदाला एक. चार पाती आहेत, म्हणून एका सेकंदात चक्की ९० अंश फिरते आणि पहिल्या पात्याच्या जागी पुढचं पातं येतं. आपल्या दृष्टीने ही पर्वणी आहे. जिफ अखंड फिरत राहावं यासाठी पूर्ण फेरा लागत नाही, पाव फेरा पुरतो. (चारही पाती सारखी दिसत असतील तरच. कधी कधी दोनच पात्यांवर कापड चढवलेलं असतं. तसं असेल तर अर्धा फेरा घ्या.)

फोन साधारणपणे सेकंदाला ३० फ्रेम टिपतो. म्हणजे पाव फेऱ्यात ३० फ्रेम, आणि दर फ्रेमला पातं ३ अंश पुढे. या सगळ्या फ्रेम जिफमध्ये घालायचा मोह टाळा. एक तर फाइल फुगते, आणि दुसरं कारण जास्त गमतीचं आहे. जिफमध्ये प्रत्येक फ्रेम किती वेळ दिसावी हे सेकंदाच्या शंभराव्या भागात लिहितात, तेही पूर्णांकात. सेकंदाला ३० फ्रेम म्हणजे प्रत्येकी ३.३३ शतांश सेकंद. हा आकडा जिफला लिहिताच येत नाही! ३ लिहिलं तर चक्की थोडी जोरात फिरेल, ४ लिहिलं तर रेंगाळेल. पण दर तिसरी फ्रेम घेतली तर बरोबर १० शतांश येतात. फ्रेम उरल्या दहा, प्रत्येकीत पातं ९ अंश पुढे, एकूण वेळ एक सेकंद.

मोजताना पहिली, चौथी, सातवी असं करत अठ्ठाविसावीपर्यंत जा आणि थांबा. एकतिसावी फ्रेम घेऊ नका. ती दिसायला पहिलीसारखीच असते, त्यामुळे दर फेऱ्याला चक्की क्षणभर अडखळल्यासारखी वाटते. जिफ 'उचकी' देत असेल तर दहापैकी नऊ वेळा हेच कारण सापडतं. वारा काही आपल्या हिशेबाने वाहत नाही, म्हणून पुढचं पातं नेमकं त्याच जागी कितव्या फ्रेमला येतं ते स्वतः मोजा. ३४व्या फ्रेमला आलं तर पाव फेरा ३३ फ्रेमचा, आणि दर तिसरी घेऊन अकरा उरतील.

फाइल आणखी लहान करायला अजून फ्रेम गाळल्या तर? दर पंधरावी फ्रेम घेतली तर पातं प्रत्येक वेळी ४५ अंश सरकेल. पाती ९० अंशांवर असल्यामुळे ते ४५ अंश पुढे गेलं की मागे, हे डोळ्याला ठरवताच येणार नाही. दर विसावी घेतली तर ते प्रत्यक्षात ६० अंश पुढे जाईल, पण डोळा जवळचा मार्ग धरतो. त्याला ते पातं ३० अंश मागे आलेलं दिसेल. ही झाली उलटी चक्की. आणि दर तिसावी घेतली तर चक्की गोठून उभी राहील, मागे ढग तेवढे उड्या मारतील. जुन्या सिनेमांत टांग्याची चाकं उलटी फिरताना पाहिली असतील, त्याचं कारण हेच. नमुने घेण्याचा वेग घटनेच्या मानाने कमी पडला की चुकीची, पण अगदी खरी वाटणारी गती दिसू लागते. प्रयोगशाळेत हृदयाचे ठोके किंवा यंत्राची कंपनं मोजतानाही हीच काळजी घ्यावी लागते. आपल्या चक्कीसाठी नियम सोपा आहे: दोन फ्रेममध्ये पातं ४५ अंशांपेक्षा बरंच कमी सरकलं पाहिजे.

आता रंग. जिफच्या एका फ्रेममध्ये जास्तीत जास्त २५६ रंग बसतात. निळं आकाश वर गडद आणि क्षितिजाजवळ फिकं असतं, त्यामुळे त्यात पट्टे उमटतात. इथलं नेहमीचं राखाडी आभाळ या कामी फार उपयोगी. (त्याचं कौतुक करायची संधी वारंवार येत नाही, म्हणून नोंद करून ठेवतो.) पट्टे लपवण्यासाठी सॉफ्टवेअर 'डिदरिंग' करतं, म्हणजे दोन रंगांचे ठिपके मिसळून तिसऱ्याचा भास निर्माण करतं. एका स्थिर चित्रात ते छान दिसतं. पण हलत्या चित्रात ठिपक्यांची जागा दर फ्रेमला बदलली तर आकाश उकळत असल्यासारखं वाटतं. शिवाय जिफचं कॉम्प्रेशन सारख्या पिक्सेलच्या सलग रांगांवर जगतं, आणि विखुरलेले ठिपके त्या रांगाच मोडतात. म्हणून डिदरिंग बंद करून पाहा. फारच पट्टे दिसले तर ठरावीक जागी ठिपके टाकणारा 'पोझिशन्ड' पर्याय घ्या.

आकाराचा हिशेब तोंडी करता येतो. जिफमध्ये एक पिक्सेल म्हणजे कॉम्प्रेशनपूर्वी एक बाइट. १९२० बाय १०८० च्या तीस फ्रेम म्हणजे सुमारे ६२ एमबी. ४८० बाय २७० च्या दहा फ्रेम म्हणजे १.३ एमबी. बाकी कुठलीही युक्ती याच्या जवळपास पोचत नाही, म्हणून आधी चित्र लहान करा.

सॉफ्टवेअरकडे येऊ. फोटोशॉपमध्ये 'फाइल', 'इम्पोर्ट', 'व्हिडिओ फ्रेम्स टू लेयर्स' इथे जा. तिथेच कुठला तुकडा हवा आणि दर कितवी फ्रेम हवी ते सांगता येतं. शेवटी 'सेव्ह फॉर वेब'मधून जिफ निवडायचं. मोफत हवं असेल तर गिंप आहे. गिंप व्हिडिओ थेट उघडत नाही, म्हणून आधी एफएफएमपेगसारख्या साधनाने प्रत्येक फ्रेमचं वेगळं चित्र काढा आणि निवडलेली दहा चित्रं 'ओपन अ‍ॅज लेयर्स'ने उघडा. सर्वांत खालचा लेयर ही पहिली फ्रेम, हे लक्षात ठेवा. मग चित्र लहान करा, 'मोड'मध्ये जाऊन 'इंडेक्स्ड' करा, आणि 'फिल्टर्स', 'अ‍ॅनिमेशन', 'ऑप्टिमाइझ फॉर जिफ' चालवा. यात दर फ्रेमचा न बदललेला भाग गाळला जातो. निर्यात करताना 'अ‍ॅज अ‍ॅनिमेशन' आणि 'लूप फॉरएव्हर' यांवर खूण हवी. फ्रेमचा कालावधी गिंप आपणहून १०० मिलीसेकंद धरतो. तो आपल्याला इथे हवा तेवढाच आहे. पण कुणी ३० च्या ३० फ्रेम घालून तो आकडा तसाच सोडला, तर चक्की तिप्पट सावकाश फिरेल.

हा 'ऑप्टिमाइझ' तेव्हाच कामी येतो जेव्हा फोन स्थिर असतो. हातात धरलेल्या फोनमध्ये प्रत्येक पिक्सेल बदलतो आणि गाळायला काहीच उरत नाही. पुलाच्या कठड्यावर फोन टेकवून घेतलेला तुकडा महागड्या कॅमेऱ्याच्या हलत्या तुकड्यापेक्षा चांगलं जिफ देतो. काही जण पुढे जाऊन पात्यांचा भाग सोडून बाकी सगळं पहिल्या फ्रेमवर गोठवतात. फाइल एकदम लहान होते. दिसायला सुंदर, पण त्यात वाऱ्याने चक्की फिरते आणि कालव्यातलं पाणी आरशासारखं स्थिर! मुलांना वारा समजावून सांगायचा असेल तर मी तरी हे करणार नाही.

वेळ मात्र हवी तेवढी ताणा किंवा दाबा, फक्त ते सांगा. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ च्या सुमारास कुंडीतल्या वाटाण्याची रोज थोडी थोडी चित्रं घेऊन 'अंकुराची वाढ' हा छोटा चित्रपट केला. महिनाभराची वाढ पडद्यावर काही क्षणांत दिसली. हा वेग खरा नाही हे प्रेक्षकाला सांगावं लागत नव्हतं, कारण वाटाणा कसा वाढतो हे प्रत्येकाला ठाऊक होतं. पेशींचं विभाजन किंवा वितळणारा हिमनग जिफमध्ये दाखवाल तेव्हा पाहणाऱ्याला तो अंदाज नसतो. खाली एक ओळ पुरे: 'प्रत्यक्षात ६ तास, इथे २ सेकंद'. आणि एकदाच घडणारी घटना अखंड फिरवू नका. फिरत्या जिफमध्ये ती दर दोन सेकंदांनी घडणारी वाटते. 'लूप फॉरएव्हर' काढलं की जिफ एकदाच चालून थांबतं.

स्वतःचा व्हिडिओ नसेल तर हिल्व्हर्समच्या 'बेल्ड एन खेलाउड' या संग्रहाचा 'ओपन बेल्डन' हा खुला साठा पाहा. तिथे 'पोलिखोन' या जुन्या वार्तापटांचे कितीतरी तुकडे क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आहेत. परवान्याप्रमाणे श्रेय द्यायचं आणि त्यातल्या बाकीच्या अटीही पाळायच्या.

एक शेवटची तपासणी खास चक्कीसाठी. काही फोन सेल्फी कॅमेऱ्याचा व्हिडिओ आरशासारखा उलटवून साठवतात. आपल्याला फरक कळणार नाही, इथल्या चक्कीवाल्याला लगेच कळेल. डच पवनचक्की समोरून पाहिली की घड्याळाच्या उलट दिशेने फिरते. आणि ती थांबवताना पाती कशी ठेवली, यालाही अर्थ असतो. पातं उभ्या रेषेला पोचण्याच्या जरा आधी थांबवलं तर घरात आनंद, रेषा ओलांडल्यावर थांबवलं तर शोक. जुलै २०१४ मध्ये एमएच१७ विमानातल्या मृतांसाठी इथल्या चक्क्या अशाच शोकस्थितीत उभ्या केल्या होत्या. चित्र आडवं उलटलं की या दोन स्थितींची अदलाबदल होते. म्हणून निर्यात करण्याआधी वरचं पातं पाहा. चक्की समोरून घेतली असेल तर ते उजवीकडून डावीकडे जायला हवं. चक्कीची मागची, जमिनीपर्यंत उतरणारी लाकडी शेपटी तुमच्या बाजूला असेल, तर तुम्ही मागून पाहताय, आणि तेव्हा डावीकडून उजवीकडे जाणंच बरोबर.