मॅटिंगखालचा पत्रा

"ताई, इंजिन ऐका," म्हणत गाडीमालकांनी चोक ओढला, किल्ली फिरवली, आणि तीन सिलिंडरचं ते इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं. २०१९ चा मे महिना, रत्नागिरी तालुक्यातली एक वाडी, चिऱ्याच्या गडग्याआड आंब्याच्या सावलीत उभी असलेली पांढरी मारुती ८००. गाडी १९८५ ची, म्हणजे अगदी पहिल्या घडणीची. माझ्या आबांनी दहा हजार रुपये भरून नंबर लावला होता, तो लागल्यावर कोल्हापुरात आमच्या दारात अशीच गाडी आली होती. पुढे १९९८ मध्ये त्यांनी ती विकली, आणि विकून आल्यावर दोन दिवस ते फारसं बोलले नाहीत. तो आवाज पुन्हा कानावर पडला आणि मी नव्वद हजार रुपये मोजून दिले. पायाखालचं मॅटिंग उचलून बघितलं नाही. पुढची तीन वर्षं आणि गाडीच्या किमतीच्या जवळपास तिप्पट पैसा त्या न उचललेल्या मॅटिंगपायी गेला.

आम्ही जुन्या गाड्यांची हौस असलेली मंडळी या गाडीला एसएस-८० म्हणतो. ते सुझुकीचं सांकेतिक नाव. जपानमध्ये १९७९ मध्ये जी अल्टो आणि फ्रॉन्टे आली, तीच ही गाडी. तिथल्या छोट्या गाड्यांच्या वर्गाला तेव्हा ५५० सीसीची मर्यादा होती, आपल्याकडे तिला ७९६ सीसीचं इंजिन मिळालं. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या गाडीची किल्ली दिली गेली. सुरुवातीच्या गाड्या जपानहून सुटे भाग आणून गुडगावला जोडलेल्या. माझ्या गाडीच्या काचांवर अजून जपानी शिक्का आहे, आणि तो पुसताना मी फडकं जरा हलक्या हातानं फिरवते. १९८६ मध्ये गाडीचं रूप बदललं, एसबी-३०८ आली, आणि तेच रूप थोड्याफार फरकानं २०१४ पर्यंत रस्त्यावर राहिलं. म्हणजे आमची एसएस-८० जेमतेम तीन वर्षं बनली.

ही तारीख-वार माहिती शोभेसाठी देत नाही. गाडी घेताना काय बघायचं आणि काय सोडून द्यायचं, ते यातूनच ठरतं. ७९६ सीसीचं ते इंजिन एसएस-८० बरोबर संपलं नाही. ८०० मध्ये ते पुढे चाललं, आणि ओम्नीमध्ये तर २०१९ पर्यंत. त्यामुळे रिंग-पिस्टन, व्हॉल्व्ह, पाण्याचा पंप, हेडचं पॅकिंग हे सगळं आजही तालुक्याच्या गावी मिळतं, आणि ते उघडून जोडणारा मिस्त्रीही मिळतो. पण एसएस-८० चं दार, पुढची काच, काचेभोवतीचं रबर, मागच्या दिव्यांची भिंगं, जाळी, बंपर यांतलं काहीच पुढच्या गाडीचं बसत नाही. इंजिन बिघडलं तर तो पंधरा दिवसांचा प्रश्न. दिव्याचं भिंग फुटलं तर वर्ष जातं. मी इंजिन ऐकून गाडी घेतली, म्हणजे जे सहज मिळतं ते तपासलं आणि जे कुठंच मिळत नाही त्याकडे पाहिलंही नाही.

वाडीतून निघाले त्याच दिवशी आंबा घाटात गाडी तापली. साखरपा मागे पडलं, चढण सुरू झाली, आणि माझे डोळे वळणांवर होते, तापमानाच्या काट्यावर नव्हते. वाफ दिसली तेव्हा उशीर झाला होता. बाजूला थांबले आणि घाबरून जवळची बाटली उघडून गार पाणी ओतलं. हे कधीच करू नका. या इंजिनचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. दोन्ही धातू तापल्यावर सारखे फुगत नाहीत, आणि तापलेल्या हेडला गार पाण्याचा झटका बसला की ते वाकतं, मग पॅकिंग जातं. गाडी बंद करून सावलीत अर्धा-पाऊण तास बसून राहायचं, रेडिएटरच्या झाकणाला हातही लावायचा नाही. मलकापूरपर्यंत टोचन करून आणली, तिथून टेम्पोत घालून कोल्हापूर.

कारण दुसऱ्या दिवशी सापडलं. रेडिएटरचा पंखा पाणी तापलं की आपोआप सुरू व्हायला हवा. त्याचा सेन्सर कधी तरी बिघडला असणार, तेव्हा कुणी तरी वायर तोडून डॅशखाली एक बटण बसवलं होतं. "फॅन डायरेक्ट केलाय" ही आपल्या गॅरेजांतली नेहमीची भाषा. ते बटण मालकांनी मला दाखवलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. थर्मोस्टॅटही काढून टाकलेला. जुनी गाडी घेतल्यावर पहिल्या आठवड्यात अशा सगळ्या जुगाडांची यादी करा आणि एकेक मूळपदावर आणा. थर्मोस्टॅट, पंख्याचा सेन्सर, फ्यूज. फार खर्च होत नाही. हे होईपर्यंत घाट चढू नका.

पण इंजिनच्या बिघाडानं माझी दिशाच चुकवली. हेड फेसिंगला गेलं, त्याबरोबर बोरिंग, रिंग-पिस्टन, क्लच, सगळंच करून घेतलं, अडतीस हजार. इंजिन नवं झालं मग रंगही हवा, म्हणून आणखी पंचेचाळीस हजार. दसऱ्याला गाडी लखलखत दारात उभी राहिली, शेजारच्या काकूंनी ओवाळलं. पुढच्या पावसाळ्यात साठलेल्या पाण्यातून जाताना माझी पावलं ओली झाली.

तेव्हा मॅटिंग उचललं. खाली पत्रा नव्हताच. कोकणातल्या खाऱ्या, दमट हवेनं तो खाल्ला होता. भोकांवर पत्र्याचे तुकडे रिव्हेट मारून बसवलेले, वरून जाड डांबर फासलेलं. दारांखालचे उंबरे पोकळ, आत गंजाचा भुगा. आणि हे निव्वळ दिसण्यापुरतं नसतं. या गाडीला वेगळी चेसिस नाही, पत्र्याचा सांगाडाच सगळा भार पेलतो. जमिनीचा आणि उंबऱ्यांचा पत्रा गेला की धडकेत आतल्या माणसाला आधार राहत नाही. त्या गाडीत मी माझ्या नातीला बसवून पन्हाळ्याला नेलं होतं. हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

म्हणून गाडी बघायला जाताना एक चुंबक फडक्यात गुंडाळून न्या, बरोबर टॉर्च आणि एक स्क्रू-ड्रायव्हर. चुंबक उंबऱ्यांवर, चाकांच्या कमानींवर, दारांच्या खालच्या कडेवर फिरवा. जिथं धरत नाही तिथं पत्रा नाही, पुट्टी आहे. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं खालून ठोकत जा. चांगला पत्रा टणक आवाज देतो, कुजलेला बद्द वाजतो. मॅटिंग चारही बाजूंनी उचला, स्टेपनीची जागा आणि बॅटरीखालचा पत्रा बघा. मालक "कशाला उगाच" म्हणाले, तर नमस्कार करून परत या. नुकतं काळं डांबर फासलेली गाडी दिसली तर शंका आधी घ्या, आनंद नंतर. आणि रंग उडालेली, पण सगळे दिवे, काचा, रबरं, हँडलं जागेवर असलेली गाडी मिळाली तर ती रंगवलेल्या अर्ध्या गाडीपेक्षा दुप्पट मोलाची समजा.

पत्र्याचं काम करणाऱ्यानं सीओ-टू वेल्डिंगच करावं, गॅसच्या जाळानं पातळ पत्रा वेडावाकडा होतो. आतून-बाहेरून प्रायमर, आणि दारांच्या तळाची पाणी जायची भोकं मोकळी. ती बुजली की नवा पत्राही दोन पावसाळ्यांत जातो. माझ्या गाडीचा नवा रंग या कामात जळाला आणि पुन्हा द्यावा लागला. आधी पत्रा, मग वायरिंग आणि ब्रेक, मग इंजिन, रंग अगदी शेवटी. मी बरोबर उलट्या क्रमानं गेले होते.

दुसऱ्या रंगाच्या वेळीच पुढची काच गेली. रंगारी पोरगा घाईत होता, त्यानं वाळून कडक झालेलं रबर पट्टीनं उचकटलं आणि जपानी शिक्क्याची ती काच कोपऱ्यातून तडकली. रबर जुनं असेल तर ते कापायचं असतं. रबर नवीन बनवून घेता येतं, काच तशी मिळत नाही. पण हे आधी सांगणं माझं काम होतं. काढलेल्या प्रत्येक वस्तूचा काढण्याआधी फोटो, प्रत्येक स्क्रू वेगळ्या पिशवीत, पिशवीवर नाव, आणि पिशव्या आपल्या घरी. गॅरेजच्या कोपऱ्यात ठेवलेला खोका सहा महिन्यांनी भंगारात जातो. कुणाच्या मनात वाईट नसतं, पण दुसऱ्याला तो खोका भंगारच दिसतो.

त्या काचेनं मला माणसं मिळवून दिली. सात महिने कुर्ला, पुण्याचा जुना बाजार, जिथं ओळख निघेल तिथं विचारत होते. शेवटी मिरजेच्या एका गृहस्थांचा निरोप आला. त्यांच्या गोठ्यामागे एक कुजलेली एसएस-८० होती, काच शाबूत. किंमत विचारली तर म्हणाले, "पैसे नकोत वहिनी, तुमच्याकडं जादा कार्बोरेटर आहे ना, तो द्या." त्या दिवशी मला कळलं की या छंदात पैशापेक्षा साठा आणि शब्द चालतो. माझ्याकडं जास्तीचं काय आहे ते मी आता लपवत नाही. दाराच्या काचेच्या यंत्रातली प्लॅस्टिकची बुशी मोडली, तेव्हा कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या लेथवाल्यांनी नायलॉनची करून दिली. एक करायची तर वीस करून घेतल्या आणि वाटल्या. मागच्या दिव्याचं न तडकलेलं एक भिंग आमच्यातल्या एकाकडं होतं, त्यानं ते विश्वासानं साच्यासाठी दिलं. सात गाड्यांना भिंगं झाली आणि मूळ भिंग ओरखड्याशिवाय परत गेलं. उधार आणलेली वस्तू सांगितलेल्या दिवशी परत करायची. आमच्यात लेखी नियम एकही नाही, पण हा मोडणाऱ्याला पुन्हा कुणी काही देत नाही.

कागदांचं थोडक्यात सांगते. आरसी बुक हातात घेऊन चेसिस नंबर स्वतः पडताळा. माझ्या गाडीचा नंबर रंगाच्या आणि पुट्टीच्या थराखाली गेला होता, आणि आरटीओत पेन्सिलीनं ठसा घ्यायची वेळ आली तेव्हा धावपळ झाली. पुट्टी हातानं, सॉल्व्हंटनं काढायची, ग्राइंडर अजिबात लावायचा नाही, एक आकडा पुसला गेला तर गाडी कागदावर मेली. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण पाच-पाच वर्षांचं असतं, वर पर्यावरण कर. किती वर्षं चुकलंय ते आधी विचारा आणि त्याची रक्कम गाडीच्या किमतीत धरा. नोंद संगणकावर चढलेली आहे का, हेही बघा. दिल्लीची स्वस्त गाडी कुणी दाखवली तर दुप्पट सावध व्हा. तिथं पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना बंदी आली आणि अनेक गाड्या बाहेर विकल्या गेल्या. ना-हरकत दाखला नसेल किंवा नोंदणीच रद्द झालेली असेल, तर ती गाडी फक्त सुट्या भागांसाठी. आणि "व्हिंटेज म्हणून पास होईल" यावर विसंबू नका. २०२१ च्या नियमांप्रमाणे त्यासाठी पन्नास वर्षं पूर्ण लागतात, आणि तशी नोंदणी झालेली गाडी रोजच्या वापराला चालत नाही.

पेट्रोलबद्दल मात्र थांबून सांगायला हवं. २०२३ पासून पंपांवर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येऊ लागलं आणि आता बहुतेक ठिकाणी तेच मिळतं. १९८५ चं रबर त्यासाठी केलेलं नाही. नळ्या फुगतात, मऊ पडतात, कार्बोरेटरमधला पडदा कडक होतो. इथेनॉल हवेतली ओल शोषतं, म्हणून गाडी महिनोन् महिने उभी राहिली की टाकी आतून गंजते. एका सकाळी शेडचं दार उघडलं तर पेट्रोलचा वास. नळी गाठीसारखी फुगून भेगाळलेली, थेंब थेंब गळत होती, आणि शेजारच्या खोलीत गॅसचा सिलिंडर. त्याच दिवशी सगळ्या नळ्या व्हायटॉनच्या करून घेतल्या. तुम्ही वास येण्याची वाट बघू नका. गाडी आठवड्याला अर्धा तास तरी चालवा, आणि गाडीत आग विझवायचं छोटं नळकांडं ठेवा.

टायरवर तो कधी बनला ते सांगणारे चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. नक्षी कितीही खोल असली तरी दहा वर्षांचा टायर बदलायचाच.

आता महिन्यातल्या एका रविवारी आम्ही सहा-सातजण पहाटे निघतो. तीन एसएस-८०, एक जिप्सी, एक मारुती १०००, आणि एका डॉक्टरीण बाईंची १९९८ ची होंडा सिटी. राधानगरीच्या रस्त्यानं, साठच्या पुढं कुणी जात नाही, सगळ्यात सावकाश गाडी सगळ्यात पुढं. मिसळ होते, मग बॉनेट उघडतात, आणि कुणाची पॉइंटची फट कुणी तरी फीलर गेजनं लावून देतं. नात आता नव्या पत्र्यावर पाय ठेवून बसते आणि चोक आपणच ओढणार म्हणून हटून बसते.

परवा इचलकरंजीहून एका मुलाचा फोन आला. सावंतवाडीला एक १९८४ ची गाडी आहे, टोकन उद्याच द्यायचंय. "काकू, इंजिन एकदम कडक आहे, ऐकवू का?" त्यानं फोन बॉनेटजवळ नेला. तोच आवाज होता. मी पूर्ण ऐकून घेतला.

"छान आहे," मी म्हणाले. "आता इंजिन बंद कर बाळा, आणि ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅटिंग उचल. मी फोनवर थांबते."