छाती वाढलीय, ऑपरेशन करून टाकू का?

प्रश्न : माझं वय 20. नववीत असताना छाती थोडी वर आली होती, मग आपोआप बसली. गेल्या वर्षी जिम लावली आणि तिथल्या ओळखीतून काही इंजेक्शनं घेतली. चार महिन्यांपासून दोन्ही निपलखाली गोळा लागतो, डावीकडे जरा मोठा. शर्ट घासला तरी दुखतं. पुश-अप्स, बेंच प्रेस करूनही कमी होत नाही. पोहायला जाणं सोडलंय. घरी बोललेलो नाही. हा कॅन्सर असेल का? सरळ ऑपरेशन करून टाकू का? माझ्या नववीतल्या भावालाही तसंच होतंय, त्याला काय सांगू?

उत्तर : आधी कॅन्सरबद्दल, कारण झोप त्यानेच उडाली असणार. पुरुषांना स्तनाचा कॅन्सर होतो, पण स्तनाच्या कॅन्सरच्या शंभर रुग्णांत पुरुष एकही भरत नाही, आणि तोही बहुतेक उतारवयात. दोन्ही बाजूंना, निपलच्या बरोबर खाली, रबरासारखा आणि दाबल्यावर दुखणारा गोळा असेल तर तो बहुधा गायनेकोमास्टिया असतो, म्हणजे पुरुषाच्या स्तनग्रंथीची साधी वाढ. गाठ दगडासारखी कडक असेल, निपलपासून बाजूला असेल, निपल आत ओढलं गेलं असेल, त्यातून रक्ताळ पाणी येत असेल किंवा काखेत गाठ लागत असेल, तर मात्र एक दिवसही घालवू नका.

आता उताणे झोपा आणि अंगठा व तर्जनी दोन्ही बाजूंनी निपलकडे सरकवत आणा. बोटांना घट्ट चकती अडली तर ती ग्रंथी. काहीच न अडता बोटं निपलपर्यंत पोहोचली तर ती नुसती चरबी, ती वजनाबरोबर उतरते. ग्रंथी व्यायामाने उतरत नाही. बेंच प्रेसने तिच्याखालचा स्नायू भरतो आणि ती उलट जास्तच उठून दिसते.

तुमच्या बाबतीत पहिला संशय त्या इंजेक्शनांवरच जातो. इस्ट्रोजेन प्रत्येक पुरुषाच्या शरीरात थोडं असतंच. ॲरोमॅटेज नावाचं एन्झाइम टेस्टोस्टेरॉनमधूनच ते तयार करतं. बाहेरून टेस्टोस्टेरॉनसारखं औषध भरपूर टोचलं की इस्ट्रोजेनही भरपूर बनतं आणि स्तनग्रंथी वाढू लागते. दुसरीकडे मेंदू समजतो की हार्मोन पुरेसं आहे, आणि वृषणांना काम थांबवायला सांगतो. वृषणं आकसतात, शुक्राणू घटतात. इंजेक्शनं सोडल्यावरही शरीराचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन पूर्ववत व्हायला काही महिने जातात, आणि त्या काळात गोळा वाढूही शकतो. म्हणून इंजेक्शनं आजच थांबवा, पण रिकाम्या बाटल्या फेकू नका, डॉक्टरांना दाखवा. स्टिरॉइड घेतल्याचं लपवलंत तर सगळ्या तपासण्या चुकीच्या दिशेने जातील. आणि याच्यावर उतारा म्हणून जिममध्ये कुणी गोळ्या देऊ केल्या तर त्या घेऊ नका.

इंजेक्शनांचा इतिहास आहे म्हणून बाकीची कारणं सोडून देता येत नाहीत. केस गळतात म्हणून घेतलेलं फिनास्टराइड, स्पायरोनोलॅक्टोन, केटोकोनॅझोलच्या गोळ्या, मानसिक आजारावरचं रिस्पेरिडोन यांनीही छाती वाढते. यकृताचा आजार, दारू, थायरॉइडचा अतिरेक हीही कारणं आहेत. क्लाइनफेल्टर सिंड्रोममध्ये मुलाला एक एक्स गुणसूत्र जास्त असतं. 1942 साली त्याचं पहिलं वर्णन झालं तेव्हा वाढलेली छाती आणि लहान वृषणं ही त्यातली ठळक लक्षणं होती. आणि वृषणातली गाठ कधीकधी छातीवरच्या या गोळ्यातूनच प्रथम लक्षात येते. ती गाठ होण्याचं वय तुमचंच आहे. म्हणून माझं ठाम मत सांगतो : वृषणं न तपासता जो डॉक्टर ऑपरेशनची तारीख देतो, त्याच्याकडून उठून दुसऱ्याकडे जा. सकाळच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन, एलएच, इस्ट्रॅडिऑल, एचसीजी, प्रोलॅक्टिन, टीएसएच, शिवाय यकृत-मूत्रपिंडाच्या तपासण्या, आणि गरज वाटली तर वृषणांची सोनोग्राफी, एवढ्यात बहुतेक चित्र स्पष्ट होतं.

उपचारात वेळेला फार महत्त्व आहे. गोळा नवा आणि दुखरा असतो तेव्हा टॅमॉक्सिफेन हे मूळचं स्तनकर्करोगावरचं औषध काही आठवडे देऊन तो कमी होऊ शकतो. वर्षभर उलटलं की ग्रंथीत तंतू भरतात, ती कडक होते, मग औषध फारसं चालत नाही. तुम्हाला चारच महिने झाले आहेत. लाजेने घरात बसून हा काळ घालवू नका.

ऑपरेशन वाईट नाही. निपलभोवतीच्या काळसर वर्तुळाच्या खालच्या कडेने अर्धगोल छेद घेऊन ग्रंथी काढतात, जोडीला लायपोसक्शनने चरबी. व्रण त्या कडेतच लपतो. नंतर काही आठवडे घट्ट बनियन घालावी लागते. रक्त साचणं, निपलची संवेदना कमी होणं, फार काढल्यास तिथे खळगा पडणं हे धोके आहेत. विमा कंपन्या याला बहुतेक वेळा सौंदर्यशस्त्रक्रिया म्हणून नाकारतात, आधी विचारून घ्या. पण कारण ताजं असताना आणि गोळा अजून बदलत असताना घाई नको. पुन्हा स्टिरॉइड घेतलंत तर राहिलेली ग्रंथी पुन्हा वाढेल. वर्षभर थांबूनही गोळा तसाच राहिला आणि शर्ट काढायची लाज तुमचं जगणं अडवत असेल, तर तेवढं कारण ऑपरेशनला पुरेसं आहे.

भावाची गोष्ट वेगळी. वयात येताना साधारण निम्म्या मुलांना हे कमी-अधिक होतं आणि बहुतेकांचं वर्ष-दोन वर्षांत ओसरतं, तुमचंही तसंच ओसरलं होतं. त्याला औषध नको, ऑपरेशन तर नकोच. सूज झपाट्याने वाढली, दोन वर्षांनंतरही राहिली किंवा वृषणं लहान वाटली तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. तोवर त्याला तुमची नववीतली गोष्ट सांगा, आणि घरात कुणी त्यावरून हसलं तर त्यांना तिथेच थांबवा.

तुम्ही 20 वर्षांचे आहात. आईवडिलांना सांगणं आज जमत नसेल तर एकटे जाऊनही तपासून घेता येईल. आधी फिजिशियन किंवा हार्मोनतज्ज्ञ, प्लास्टिक सर्जन त्यानंतर.