हॉलमधलं खारं पाणी

बँकेतून निवृत्त झालेल्या, ठाण्यात पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला खाऱ्या पाण्याचे मासे पाळायची बुद्धी का व्हावी, याचं समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही. तारापोरवाला मत्स्यालयावर ढकलून मोकळा होतो. मरीन ड्राइव्हवरच्या १९५१ साली सुरू झालेल्या त्या इमारतीत शाळेची सहल गेली, की बाकीची पोरं भेळेची वाट बघायची आणि मला ओढून बाहेर काढावं लागायचं. त्यामुळे एक गृहस्थ बंगळूरला मुलाकडे कायमचे चाललेत आणि त्यांना सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच मरीन टँक स्टँडसकट काढून टाकायचाय, असं कानावर आलं तेव्हा मी विचार करतो म्हणालो, पण तो केला नाही. त्यानंतर जे समजत गेलं, ते असं.

१. जुना टँक घेताना काचेपेक्षा मालकाची चौकशी जास्त करावी. मी टेप आणि टॉर्च घेऊन गेलो होतो. सांध्यांतलं सिलिकॉन कुठे सुटलंय, कुठे कडक झालंय, काचेला नखाला लागेल असा ओरखडा आहे का, सगळं वाकून वाकून पाहिलं. टँक अंगणात भरून दोन दिवस तसाच ठेवा, खाली वर्तमानपत्र पसरा, असंही सांगितलं. (वर्तमानपत्राला पाण्याचा एक थेंब लपवता येत नाही.) आपण फार चोख तपासणी केली, अशा समजुतीत असताना माझ्याबरोबर आलेल्या पोराने, कुर्ल्याच्या फिश मार्केटमध्ये दुकानात काम करणाऱ्या, मिसरूडही न फुटलेल्या, एकच प्रश्न विचारला, “अंकल, यात कधी कॉपर टाकलं होतं का?” गृहस्थ म्हणाले, हो, टाकायचो की, पांढरे ठिपके आले की टाकायचो.

झालं. ठिपक्यांच्या रोगावर तांब्याचं औषध चालतं, मासा ते सोसतो. पण कोळंबी, गोगलगाय, खेकडा या मंडळींना त्याचा अंशही विषासारखा. आणि ते तांबं दगडांत, वाळूत मुरतं आणि महिनोन्महिने हळूहळू परत पाण्यात उतरत राहतं. म्हणजे फुकट मिळालेले सगळे दगड आणि पोतंभर वाळू बाद. टँक मात्र घासूनपुसून, पाणी भरून, पुन्हा तपासून वापरता येतो. त्या गृहस्थांनी शोभेची पांढरीशुभ्र कोरलंही प्रेमाने देऊ केली होती. आपल्याकडे बऱ्याच शोकेसमध्ये ती दिसतात, म्हणून त्यात काही वावगं असेल असं वाटतच नाही. पण दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंगतीत. समुद्रघोडेही त्याच यादीत. मेलेलं प्रवाळ असलं तरी ते बाळगणं गुन्हाच. मी हात जोडले. जन्मभर दुसऱ्यांची कागदपत्रं तपासली, त्याचा एवढा तरी उपयोग झाला.

२. पाणी जड असतं हे शाळेत शिकलेलं, पण ते सोसायटीच्या सेक्रेटरींनी नव्याने शिकवलं. चोवीस घनफूट म्हणजे सुमारे ६८० लिटर. खारं पाणी थोडं जास्तच भरतं, ते धरा ७०० किलो. बारा मिलिमीटरची काच सव्वाशे किलोच्या आसपास. दगड, वाळू, स्टँड, खालचा संप (म्हणजे फिल्टरची टाकी) मिळवले की बेरीज एक टनाच्या पुढे सरकते. राहत्या घराची जमीन साधारण चौरस मीटरला २०० किलो धरून बांधलेली असते आणि हा सगळा भार येणार बारा चौरस फुटांवर. सेक्रेटरींनी स्ट्रक्चरल इंजिनियरचा कागद मागितला. मला राग आला, पण कागद मागायची सवय त्यांना आमच्यासारख्यांनीच लावलेली. इंजिनियरने नकाशा पाहिला आणि टँक मला जिथे हवा होता, म्हणजे सोफ्यावरून नीट दिसेल असा, तिथून उचलून बीमवरच्या भिंतीला लावला. आता मासे बघायचे तर मान वळवावी लागते. टीव्ही मात्र अगदी समोर आहे.

३. हमालांना जे कळतं ते पुस्तकात नाही. टँक लिफ्टमध्ये मावत नाही हे मला माहीत होतं. जिन्याच्या वळणावर तो आडवा जाईल की उभा, यावर मी कागदावर आकृती काढली होती. मुकादमाने आकृतीकडे न पाहता जिन्याच्या कठड्यावर वितीने मोजलं, दोन पायऱ्या वर गेला, खाली आला आणि म्हणाला, “साहेब, तुम्ही वर जाऊन दार उघडून ठेवा.” मला कामाला लावण्याची ती सभ्य पद्धत होती. आठ माणसं, पट्टे, गोणपाट, आणि एकही आरडाओरडा नाही.

४. समुद्र इतका जवळ आणि त्याचं पाणी आपल्या कामाचं नाही, याचं वाईट बरेच दिवस वाटत होतं. माझा बेत सरळ होता: कॅन भरून आणायचे. मासळीबाजारातल्या आमच्या नेहमीच्या मावशींना विचारलं. त्यांनी आधी कशाला हवं ते विचारलं, मग सुरमईचे तुकडे करता करता म्हणाल्या, “दादा, किनाऱ्याचं पानी घेताव? गटारं खं जातान ते म्हायती नाय का? न् पावसान तं सगला गोरा पानी येतं.” एका वाक्यात प्रदूषण आणि खारटपणा दोन्ही निकालात.

मग मीठ विकत आणलं. मिठागरातलं किंवा स्वयंपाकघरातलं नव्हे. ते जवळजवळ नुसतं सोडियम क्लोराइड, आणि समुद्रात त्याखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम, सल्फेट, कार्बोनेट असा सगळा गोतावळा असतो. लिटरला ३५ ग्रॅम, म्हणजे माझ्या टँकला पंचवीसेक किलो. पण मिठाच्या आधी पाणी. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन, नायट्रेट, फॉस्फेट, काहीच चालत नाही. आरओनंतर आणखी एका रेझिनच्या नळीतून गाळून टीडीएस मीटरवर शून्य दिसेपर्यंत थांबायचं. एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन-चार लिटर मशीन बाहेर फेकतं. त्या फेकलेल्या पाण्याने आमच्या घरातल्या फरशा, गॅलऱ्या आणि शेजाऱ्यांची स्कूटर इतकी स्वच्छ कधीच नव्हती.

५. सगळं लागलं, दिवे लागले, पाणी वळसे घ्यायला लागलं, आणि आता काहीच करायचं नाही, हा भाग सर्वांत अवघड. माशांची विष्ठा आणि उरलेलं अन्न यांतून अमोनिया होतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. पहिली दोन माशांना मारतात, तिसरं बऱ्यापैकी सोसतं. हे जिवाणू दगडाच्या छिद्राछिद्रांत वस्ती करेपर्यंत महिना-दीड महिना जातो, आणि तोवर त्यांना खायला अमोनिया पुरवावा लागतो. त्याचा एक सोपा उपाय म्हणजे एक कच्ची कोळंबी पाण्यात सोडून कुजू द्यायची. बायकोने सोललेल्या कोळंब्यांतली एक मी उचलली. ती टँकच्या तळाशी पडलेली बघून बायको काही बोलली नाही, पण त्या दिवशीच्या खिचडीत माझ्या ताटात कोळंब्या कमी होत्या असा माझा दाट संशय आहे.

पाहुणे यायचे, सहा फुटी उजेडात पांढरी वाळू, दगड आणि एक कोळंबी बघायचे. “मासे कुठायत?” मी नायट्रोजन चक्र समजावायला लागलो, की चहा मागवला जायचा. मी मात्र रोज सकाळी परीक्षानळीत थेंब टाकून रंग बघत बसायचो. अमोनिया चढला, उतरला. नायट्राइट चढलं, रेंगाळलं, एका सकाळी शून्य. बँकेत ताळेबंद जुळल्यावर एवढा आनंद मला झालेला नाही, आणि तो सांगायला घरात एकही ऐकणारा नव्हता.

६. पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं. इतकी साधी गोष्ट, तिच्यावर सगळं उभं आहे. पातळी खाली गेली की खारं पाणी ओतावंसं वाटतं. ओतायचं असतं ते गोडं, नाहीतर टँक दिवसागणिक खारट होत जातो. उडालेलं पाणी जाताना थोडं मीठ शिंतोड्यांतून घेऊनही जातं, ते स्टँडच्या बिजागऱ्यांवर, वायरींवर पांढरी साय धरतं. म्हणून प्रत्येक वायर बोर्डाच्या खाली लोंबती सोडून मग वर न्यायची. थेंब ओघळलाच तर खाली पडतो, सॉकेटमध्ये शिरत नाही.

उन्हाळ्याचं गणित वेगळंच. माशांना २५-२६ अंश हवेत आणि मे महिन्यात आमच्या हॉलमध्ये पंख्याखालीही ३३. पंखे पाण्यावर सोडले तर बाष्पीभवनाने पाणी गार होतं, हे पुण्यातल्या एका मित्राने स्वानुभवाने सांगितलं. पुण्याची कोरडी हवा पाणी पिऊन टाकते. ठाण्याची हवा आधीच पोटभर प्यायलेली, ती काय पिणार? शेवटी चिलर घेतला. चिलर पाण्यातली उष्णता काढतो, पण ती जाते कुठे, तर आमच्या हॉलमध्ये. म्हणजे मासे २६ अंशांत आणि आम्ही त्यांच्या वाटचीही उष्णता सोसत सोफ्यावर. वीजबिल आल्यावर मुलीने फोनवर विचारलं, “बाबा, मासे भाडं देतात का?”

७. वीज गेली की समुद्र थांबतो. खऱ्या समुद्राला लाटा आहेत, वारा आहे, आपल्याकडे पंप. तो बंद पडला की दोन गोष्टी होतात. वरच्या टँकचं थोडं पाणी नळीतून उलटं खाली संपमध्ये येतं, म्हणून संपमध्ये तेवढी जागा कायम रिकामी ठेवायची. आणि पाण्यातला प्राणवायू कमी व्हायला लागतो. पावसाळ्यातल्या एका रात्री इन्व्हर्टरही दमला, तेव्हा मी आणि बायकोने आळीपाळीने मग भरभरून पाणी उंचावरून परत टँकमध्ये सोडलं. नंतर वाचनात आलं, की लंडनच्या अॅना थिन या बाईंनी १८४६ मध्ये टॉर्की इथल्या समुद्रातून जिवंत प्रवाळ घरी आणलं आणि ते टिकवलं ते याच पद्धतीने. पंप नव्हतेच. घरची मोलकरीण रोज उघड्या खिडकीशी उभी राहून अर्धा-पाऊण तास पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतायची. इतिहासात नाव राहिलं ते बाईंचं. हे मी बायकोला वाचून दाखवलं. तिने फक्त मोलकरणीचं नाव काय होतं, असं विचारलं.

८. मासे सगळ्यात शेवटी येतात, आणि तोवर आपल्या यादीतले निम्मे गळलेले असतात. माझ्या यादीत वीस होते. सुरुवात केली ती नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या क्लाउनफिशच्या एका जोडीने. समुद्रातून पकडलेली नव्हे, टँकमध्येच जन्मलेली पिल्लं मागून घेतली. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने या माशांचं कृत्रिम प्रजनन कधीच साधलंय, मग समुद्राला कशाला हात लावा? या माशांत सगळे नर म्हणून जन्मतात, मग त्यांतला थोरला, दांडगा जो असतो तो मादी होतो आणि घराचा कारभार तिच्याकडे जातो. ती गेली की नवरा मादी होतो. ही माहिती मी जेवणाच्या टेबलावर फार उत्साहाने दिली आणि माझ्याखेरीज कुणालाच तिचं आश्चर्य वाटलं नाही.

येणाऱ्यांपैकी निम्मे “हे खातात का?” असं विचारतात. मासे खाणाऱ्या घराला हा प्रश्न रास्तच आहे. शुक्रवारी स्वयंपाकघरात बांगडे तळले जात असतात आणि हॉलमध्ये मी दोन माशांना चिमटीने अन्न मोजून देत असतो. मला यात विसंगती दिसते, बायकोला दिसत नाही. “ते आपले आहेत, हे बाजारातले,” इतकं तिचं स्पष्ट आहे.

९. कुठलीही सुधारणा घाईने केली की बिघडते. पहिल्या काही आठवड्यांत वाळूवर तपकिरी थर आला, तो गेला तर दगडांवर हिरवे केस उगवले. बाजारात प्रत्येकावर बाटली मिळते. कुर्ल्याचा तो पोरगा बाटल्या विकणाऱ्या दुकानातलाच, पण मला म्हणाला, “काही टाकू नका अंकल, अन्न कमी करा आणि थांबा.” समुद्र एवढा मोठा आहे की त्यात काही पटकन बदलत नाही, आणि त्यातल्या जिवांना पटकन बदल सोसायची सवयच नाही. माझ्या ६८० लिटरमध्ये मात्र माझा एक उत्साही दुपारचा तास पुरेसा आहे. म्हणून आता आठवड्याला दहा टक्के पाणी बदलतो, काच पुसतो, पाण्यातली घाण फेसातून वेगळी काढणाऱ्या स्किमरच्या वाटीत जमलेला काळा, वास मारणारा फेस संडासात ओततो आणि बाकी हात मागे बांधून उभा राहतो. गोगलगायी आणल्या आहेत, त्या हिरवे केस खातात. टँग जातीचा मासा आणायचा की नाही, यावर घरात चर्चा चालू आहे. निळा टँग वाढून फूटभर होतो, असं कळल्यापासून मी जरा गप्प आहे. बायकोचं मत त्याच्या बाजूने आहे, कारण निदान एवढा तरी सोफ्यावरून दिसेल.