पानाच्या पाठीस थेंब कां चिकटतो?

नाशिकास थंडी पडून हवा कोरडी झाली, म्हणजे रात्रीं अंधारांत लोकरीचें वस्त्र अंगांतून काढतांना चटचट असा आवाज होतो व बारीक ठिणग्या दिसतात. कित्येक भोळे लोक हें पिशाच्चाचें काम समजतात. त्यांनीं कोरड्या केसांतून प्लॅस्टिकची फणी दहा-वीस वेळां फिरवून कागदाच्या कपट्यांजवळ धरावी. कपटे उडून तिला चिकटतात. तेथें पिशाच्च कोठून येणार?

दोन भिन्न पदार्थ एकमेकांस लागून वेगळे झाले, म्हणजे एकाचे कांहीं इलेक्ट्रॉन दुसऱ्याकडे जातात. हे ऋण विद्युतेचे कण होत. ते फणीवर अधिक झाले, म्हणून फणी ऋण व केस धन झाले. कागदानें तर कांहींच दिलें-घेतलें नाहीं. मग तो कां ओढला जातो? फणी जवळ येतांच त्याच्यांतील ऋण अंश किंचित् पलीकडे सरकतो, धन अंश अलीकडे राहतो, आणि जवळची ओढ दूरच्या रेट्यास जिंकते. पावसाळ्यांत हा प्रयोग बहुधा फसतो, कारण वस्तूंवर ओलाव्याचा पातळ थर बसून त्यावाटे विद्युत् निघून जाते. अंबर नांवाची दगड झालेली राळ घासली असतां काडी ओढते, हें फार जुन्या लोकांसही ठाऊक होतें. संस्कृतांत तिला तृणमणि म्हणतात, आणि फारशींत कहरुबा, म्हणजे काडी पळविणारा.

अंगास जाणवणारी ठिणगी सुमारें ३००० व्होल्टची असते. सांठा अत्यल्प म्हणून मनुष्यास अपाय होत नाहीं. पेट्रोलच्या वाफेस मात्र ती पुरते. म्हणून पंपासाठीं पेट्रोल आणणाऱ्या बंधूंनीं डबा गाडींत ठेवून भरून घेऊं नये. तो धातूचा असावा, जमिनीवर ठेवावा, व नळीचें तोंड त्यास टेकलेलें असावें.

हीच शक्ति शेतकऱ्याच्या कामीं येते. गंगापूर रोडवर शहर पुष्कळ वाढलें, तरी धरणाच्या बाजूस द्राक्षांचे मळे आहेत. केवडा रोगाची पांढरी बुरशी पानाच्या पाठीवर उगवते, आणि साध्या फवारणीचें औषध बहुतेक वरच्या अंगास पडतें. अमेरिकेंतील जॉर्जिया विद्यापीठाचे एडवर्ड लॉ ह्यांनीं १९७० नंतरच्या दशकांत जी फवारणी सिद्ध केली, तींत केसाहूनही बारीक थेंबांस विद्युत् देतात. सर्व थेंब एकाच जातीचे झाल्यानें ते एकमेकांस दूर सारतात. वेल तर मुळांनीं जमिनीस जोडलेला. थेंब जवळ येतांच पानांत विरुद्ध विद्युत् चढते, व ते वळून पाठीसही चिकटतात.

परंतु वेल फार दाट असला, तर थेंब बाहेरच्या पानांवरच अडकतात. आंत नेण्यास वाऱ्याचा जोर लागतोच. हें विकणारा क्वचितच सांगतो. पाणी लागतांच निळा होणारा पिवळा कागद मिळतो. तो आंतल्या पानांच्या पाठीस लावून फवारणी करवावी, आणि निळे ठिपके मोजून मगच यंत्राचे पैसे द्यावे.