दोन तळघरे

पीटर टेरिन हे बेल्जियममधील फ्लेमिश कादंबरीकार. त्यांच्या २००९ च्या कादंबरीच्या नावाचा अर्थ 'पहारेकरी'. एका श्रीमंत इमारतीच्या तळघरात हॅरी आणि मिशेल पहारा देतात. रहिवासी एकाएकी निघून जातात. का, ते कळत नाही. दोघे काडतुसे पुनःपुन्हा मोजतात, आणि पुढे तिसरा पहारेकरी आला तरी त्याच्यावरही संशय घेतात. त्यांना कोणी कोंडलेले नाही. कर्तव्य हीच त्यांची कडी.

विद्यार्थी मित्रांनो, यासोबत जी. ए. कुलकर्णी यांची 'पिंगळावेळ' (१९७७) मधील 'स्वामी' ही कथा अवश्य वाचा. जी. ए. आपल्या बेळगावात शिकलेले; पुढे धारवाडला इंग्रजीचे प्राध्यापक, आणि स्वतःही एकांतप्रिय. कथेतील प्रवासी मठात येतो, आदराने जेवतो आणि स्वामी म्हणून जमिनीखालच्या खोलीत कायमचा कोंडला जातो.

टेरिनचा वाचक शेवटपर्यंत विचारतो, बाहेर खरेच काही घडले आहे का? 'स्वामी'त ती शंकाच नाही. तेथे कोंडणारे हात नमस्कारासाठी जोडलेले आहेत, म्हणून मला ही कथा अधिक भयंकर वाटते. पाहुणचार आणि भक्ती ही तर आपल्या घरातलीच. त्या अंधारात पुढे एक वेल वाढू लागते. तिचे काय होते, ते मूळ कथेतच पाहावे.